सिंड्रेलाची धर्ममाता

आमच्या अचलपूर-परतवाड्याकडे नाताळच्या दिवसांत मुलांचे एखादे नाटुकले बसवावे असा शिरस्ता आहे. शिवारात कपाशीची वेचणी चालू असते, थंडी पडू लागलेली असते आणि शाळा सुटल्यावर पोरे तालमीला जमतात. गेल्या नाताळात ‘सिंड्रेला’ करायचे ठरले. संहिता कुठल्याशा छापील पुस्तकातून उतरवून घेतलेली होती. तिच्यावर मूळ लेखकाचे नाव नव्हते आणि अनुवादकाचेही नव्हते. तालमी घेण्याचे काम माझ्याकडे आले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, परीराणी कांडी फिरवून भोपळ्याचा रथ करते तो प्रवेश चालू होता. तेव्हा उंदराचे काम करणारी नऊ वर्षांची एक मुलगी मध्येच म्हणाली, “मावशी, आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात परीराणी नाही, गॉडमदर आहे. मग इथे तिची धर्ममाता का नाही?”

हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी हसून पुढच्या वाक्याकडे वळले असते. परंतु ही मुलगी माझी धर्मकन्या. तिच्या स्नानसंस्काराच्या वेळी तिला हातांवर घेऊन मी उभी होते. तिची आई जाऊन त्या नाताळात दोन वर्षे झाली होती. आणि नाताळला एक फ्रॉक व वाढदिवसाला एक केक यापलीकडे त्या दोन वर्षांत मी तिच्यासाठी काय केले, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. त्या प्रश्नाच्या पाठीमागे लागून काही वाचन झाले, ते वाचकांपुढे ठेवते.

आज जगभरच्या मुलांना ठाऊक असलेली सिंड्रेला ही बव्हंशी शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाची आहे. पेरो हा चौदाव्या लुईच्या राजवटीतला माणूस. कोल्बेर या बलाढ्य मंत्र्याच्या हाताखाली त्याने अनेक वर्षे कारभार पाहिला आणि १६७१ पासून तो फ्रेंच अकादमीचा सभासद होता. उतारवयात, १६९७ साली, त्याने आठ गद्यकथांचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात ही कथा आहे. भोपळ्याची गाडी, उंदरांचे घोडे, काचेची वहाण हे सारे त्या कथेतले. पण मला थांबवले ते एका बारीकशा गोष्टीने. बहिणी राजवाड्याकडे निघून गेल्यावर मुलगी रडत बसते आणि तिच्याजवळ जी स्त्री येते, तिची ओळख पेरोने आधी ‘धर्ममाता’ म्हणून करून दिली आहे. ती परी होती हे त्याने नंतर, जाता जाता सांगितले आहे. फ्रेंचमधला त्याचा शब्द तोच आहे, जो त्या काळच्या प्रत्येक कॅथलिक घरात स्नानसंस्काराच्या साक्षीदार स्त्रीसाठी वापरला जात असे. म्हणजे सिंड्रेलाच्या दारात आकाशातून कोणी उतरलेले नाही. मुलीच्या जन्मापासून जिच्यावर एक जबाबदारी होती, ती बाई आली आहे.

आणि ती आल्यावर काय करते हेही पाहण्यासारखे आहे. आमच्या संहितेत परीराणी एकदा कांडी फिरवते आणि सगळे होऊन जाते. पेरोच्या कथेत त्या दोघी मिळून घरकाम करावे तशी तयारी करतात. धर्ममाता मुलीला बागेतून भोपळा आणायला पाठवते आणि तो स्वतः आतून कोरते. मग उंदरांचा सापळा उघडून पाहिला जातो. गाडीवान कुठून आणावा, असा प्रश्न पडतो तेव्हा घुशीच्या सापळ्यात काही सापडले आहे का ते बघते, अशी तोड मुलीच सुचवते. बागेतल्या झारीमागे सहा सरडे आहेत, ते घेऊन ये, असे धर्ममाता सांगते. जादू होते ती या साऱ्या खटाटोपानंतर. आपल्याकडे लेकीच्या घरून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी मुलांना ठाऊकच आहे. वऱ्हाडात आम्ही त्या भोपळ्याला कोहळे म्हणतो आणि त्याची बोंडे तळतो. त्यामुळे कोहळे कोरणारी धर्ममाता आमच्या मुलांना परकी वाटायचे काही कारण नाही. कांडीवाली परीच खरी परकी आहे.

पेरोने कथेच्या शेवटी दोन पद्यमय तात्पर्ये जोडली आहेत. पहिल्यात रूपापेक्षा शालीनता मोठी, असा सुविचार आहे. दुसऱ्यात मात्र जुना कारकून डोळे मिचकावतो. बुद्धी, धैर्य, कुळ हे सारे असून भागत नाही, पुढे जायचे तर कोणी धर्मपिता किंवा धर्ममाता पाठीशी लागते, असे तो सुचवतो. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे, वशिला. दरबारात आयुष्य घालवलेल्या माणसाचा हा उपरोध आहे आणि तो मुलांसाठी नाही. तो गाळणाऱ्या अनुवादकांना मी दोष देणार नाही. पण त्यावरून एवढे कळते की ‘धर्ममाता’ हा शब्द पेरोने सहज लिहिलेला नाही. सबंध कथा त्याने त्या शब्दाभोवती बांधली आहे.

मराठीत तो शब्द कसा हरवला, हे समजण्याजोगे आहे. युरोपातली मुलांची गोष्ट आपल्याकडे आली ती मुख्यतः इंग्रजीच्या वाटेने. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ १८२८ साली निघाला. तो मूळचा बेर्कँ या फ्रेंच लेखकाचा, पण छत्र्यांच्या हाती आला तो इंग्रजीतून. पेरोही १७२९ मध्ये रॉबर्ट सँबरने इंग्रजीत नेला आणि पुढे इंग्रजीत ‘फेअरी गॉडमदर’ ही जोडी रूढ झाली. मराठीकरांनी त्या जोडीतला पहिला शब्द घेतला आणि दुसरा टाकला. बहुसंख्य मराठी वाचकांच्या घरी स्नानसंस्कार नाही, तेव्हा ‘गॉडमदर’चे काय करावे, हा पेच त्यांच्यापुढे खरोखरच होता. आपल्यापुढे तो नव्हता. आपल्या घरांत हा शब्द रोजच्या वापरातला आहे; गोवा-वसईकडे त्याला पोर्तुगीज वळणाची जुनी रूपे आहेत. तरीही आपल्या मुलांच्या नाटुकल्यांत आपण बाहेरून आलेली परीराणी मुकाट्याने उभी करत आलो, याचे मला आता नवल वाटते.

या शब्दामागे चर्चचा विचारही आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याप्रमाणे धर्ममाता सामान्यतः सोळा वर्षे पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली कॅथलिक व्यक्ती असावी लागते. आणि मुलाची जन्मदाती आई स्वतः त्याची धर्ममाता होऊ शकत नाही. या शेवटच्या अटीकडे मी इतक्या वर्षांत कधी लक्ष दिले नव्हते. धर्ममाता व्हायची ती आईखेरीज दुसरीच स्त्री असली पाहिजे, असे तो नियम सांगतो.

आता सिंड्रेलाच्या कथेला एक प्रश्न विचारावा. आई गेली, तिच्या जागी कोण उभे राहिले? लोककथांच्या अभ्यासकांनी हिची शेकडो रूपे गोळा केली आहेत. मेरियन कॉक्स या विदुषीने १८९३ सालीच तीनशे पंचेचाळीस मांडली होती. सगळी वाचण्याची ऐपत माझी नाही. जी वाचली, त्यांत प्रत्येक देशाने या प्रश्नाला निराळे उत्तर दिले आहे. नवव्या शतकात चीनमध्ये दुआन चेंगशी याने लिहून ठेवलेल्या कथेतल्या ये शिएनला आधार आहे तो तिने पाळलेल्या माशाचा, आणि सावत्र आईने तो मारल्यावर त्याच्या हाडांचा. ए. के. रामानुजन यांनी प्रसिद्ध केलेल्या कानडी ‘हंची’त आईच लेकीला मातीचा मुखवटा देते आणि घराबाहेर धाडते, कारण धोका घरातच आहे.

नेपल्सच्या बाझिलेची कथा पेरोच्या आधीची, १६३४ च्या सुमारास छापलेली. तिच्यातली झेझोला ही मुलगी काही गरीब गाय नव्हे. शिकवायला येणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून ती पेटीचे झाकण मानेवर आपटून सावत्र आईचा जीव घेते. मग तीच शिक्षिका तिची नवी सावत्र आई होते आणि सहा मुली घेऊन घरात शिरते. आईची जागा घेते म्हणून वचन देणारीच तिला चुलीपाशी ढकलते. मी स्वतः शिक्षिका असल्याने हे वाचून थोडी खट्टू झाले, ते असो. बाझिलेने हे सारे नेपल्सच्या बोलीत लिहिले आणि म्हणून खुद्द इटलीतही ते बराच काळ बंद कपाटात राहिले. बेनेदेत्तो क्रोचे यांनी १९२५ मध्ये त्याला प्रमाण इटालियनमध्ये आणले. वऱ्हाडीत लिहिणाऱ्यांना हे दुखणे ओळखीचे वाटेल.

ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत धर्ममाता नाहीच. तिथे मुलगी आईच्या कबरीवर हेझल झाडाची फांदी लावते आणि आसवांनी वाढवते; त्या झाडावरचा पक्षी तिला वस्त्रे देतो. म्हणजे मेलेली आईच अजून काळजी घेते आहे. नोव्हेंबरात कबरस्थानात मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्या वाचकांना ही कल्पना जवळची वाटेल, मलाही वाटते. तरीसुद्धा मी पेरोच्या बाजूची आहे. ग्रिमच्या जगात जिवंत माणसांपैकी कोणीच मुलीच्या मदतीला येत नाही. सावत्र बहिणींचे डोळे कबुतरे फोडतात तो भाग १८१९ च्या आवृत्तीत आला, तोही मला त्या एकटेपणाचाच परिणाम वाटतो. पेरोची सिंड्रेला बहिणींना क्षमा करते आणि त्यांची लग्ने लावून देते. जिच्या पाठीशी कोणी उभे राहिले आहे, तिला क्षमा करणे सोपे जाते.

जाता जाता नावाविषयी. ग्रिम यांच्या दुसऱ्या नायिकेला मराठीत ‘हिमगौरी’ हे फार सुंदर नाव मिळाले आणि ते रुजले. सिंड्रेला मात्र सिंड्रेलाच राहिली. फ्रेंच, इटालियन, जर्मन या तिन्ही भाषांत तिचे नाव राखेवरून आले आहे; मराठीत तसे करू गेले तर ‘राखुंडी’ होते, आणि राखुंडीने आपण दात घासतो. तालमीतल्या मुलींनी बरीच नावे सुचवली, एकही टिकले नाही. पण राखेचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर काय लागते आणि घरी आजी राखेने भांडी कशी घासते, हे दोन्ही त्यांना ठाऊक होते. काचेच्या वहाणेवर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. बाल्झाकने तर १८४१ मध्ये ती काचेची नसून मौल्यवान फरची होती असे सुचवले. पेरोने काच लिहिली आहे, तेव्हा काचच असू द्यावी.

इथवर युरोपचे झाले. आता वाचकांना मी महाराष्ट्राच्याच रस्त्यावर आणते. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. त्यांची विशीतली मुलगी मेरी सोबत होती. तिची आई त्या वेळी बरोबर नव्हती, आणि लवाजम्यात दुसरी स्त्री अशी एकच, अ‍ॅना लिबेराता डिसोझा ही आया. रस्त्यात वेळ जाईना म्हणून मेरीने तिला गोष्ट सांगायला लावली. त्यातून चोवीस कथांचे ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक १८६८ साली लंडनमध्ये निघाले. भारतातल्या लोककथांचे इंग्रजीतले हे अगदी आरंभीच्या संग्रहांपैकी एक.

त्यात ‘सोदेवाबाई’ नावाची कथा आहे. मूळ उच्चार बहुधा ‘सुदैवाबाई’ असावा. ही राजकन्या गळ्यात सोन्याची माळ घेऊन जन्मते आणि तिचा प्राण त्या माळेत असतो. एकदा डोंगरावर फुले वेचताना तिची सोन्याची चिमुकली वहाण खाली रानात पडते. ती एका राजपुत्राला सापडते, वहाणेवरून तो तिचा शोध घेतो आणि दोघांचे लग्न होते. वहाण हरवणे आणि तिच्यावरून वधू मिळणे हा सिंड्रेलाच्या कथेचा गाभा इथे आहे. राख नाही, सावत्र आई नाही, धर्ममाताही नाही. हा धागा युरोपातून आला की इथूनच तिकडे गेला, या वादात मी पडत नाही. पुढे राजपुत्राची पहिली बायको ती माळ चोरवते. दासी दिवसा माळ घालते तेव्हा सोदेवाबाई निष्प्राण असते, रात्री दासी ती काढते तेव्हा तिच्यात जीव येतो. अशा अवस्थेतच तिला मुलगा होतो आणि अखेर तो लहानगाच माळ परत मिळवून आईला तिचा प्राण देतो. लेकरू आईला वाचवते, हे उत्तर युरोपच्या कथांत मला भेटले नव्हते.

अ‍ॅनाने मेरीला आपली जीवनकहाणीही सांगितली होती आणि मेरीने ती पुस्तकाच्या आरंभी छापली. घराणे मूळचे लिंगायत. आजोबांनी गोव्याजवळ ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना घराबाहेर काढले. आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार झाले आणि खडकीच्या लढाईत होते. गोष्टी अ‍ॅनाला मिळाल्या त्या आजीकडून. ती अकाली विधवा झाली, आया म्हणून दुसऱ्यांची मुले सांभाळली, आणि तिचा स्वतःचा मुलगा पुण्यात नदीत बुडून गेला. त्या आईने सोदेवाबाईचा शेवट सांगताना मनात काय आणले असेल, याचा तर्क करण्याचा मोह मी आवरते. ‘आया’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. आईच्या जागी उभी राहणारी पगारी बाई, असा त्याचा अर्थ.

मेरी फ्रियर प्रामाणिक होती. प्रत्येक कथा लिहून झाली की ती अ‍ॅनाला वाचून दाखवी आणि चूक नाही ना, हे विचारी. पण मुखपृष्ठावर संग्राहिका म्हणून एकट्या फ्रियरचे नाव आले, आणि उपशीर्षकात या कथांना ‘हिंदू’ म्हटले गेले. सांगणारी ख्रिस्ती आहे हे आत छापलेले असताना बाहेर ही पाटी लागली. ख्रिस्ती झालेल्या बाईकडे आपली म्हणून सांगायला काही गोष्ट उरत नसते, असाच तो समज असावा. तो समज अजून गेलेला नाही आणि आपल्यातही तो आहे. आपली मुले नाताळला काय करून दाखवतात हे पाहावे. दख्खनची गोष्ट त्यांत क्वचितच असते. अ‍ॅनाच्या पूर्वजांनी धर्म बदलला, पण आजीची गोष्ट सोडली नाही. २००२ मध्ये किरिन नारायण यांनी या पुस्तकाची नवी आवृत्ती संपादित केली, तीत अ‍ॅनाला तिचे स्थान मिळाले आहे.

सांगणाऱ्याचे नाव जपण्याची रीत आपल्याला नवी नाही. चीनच्या दुआन चेंगशीने आपल्याला कथा सांगणाऱ्या ली शियुआन या नोकराचे नाव अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. आणि अचलपूरहून फार दूर नाही त्या रिद्धपूरला म्हाइंभटाने शके १२०० च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ रचताना कोणी, कुठे, कोणाला काय सांगितले याची काटेकोर चौकशी केली. कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि शेजारणीच्या मेणाच्या घराची बालकथा त्यात चक्रधरस्वामींच्या तोंडी आहे, म्हणून ती कोणाची हे आज आपल्याला ठाऊक आहे. पेरोच्या पुस्तकाच्या आरंभीच्या चित्रात सूत कातत मुलांना गोष्ट सांगणारी एक म्हातारी दिसते. तिला नाव नाही. ग्रिम यांच्याकडे सिंड्रेलाची कथा मारबुर्गमधल्या एका वृद्धेकडून आली असे संशोधक मानतात. ग्रिम यांनी तिचे नाव छापले नाही. या बायकांमध्ये अ‍ॅनाच तेवढी नशीबवान म्हणायची.

आम्ही तो प्रवेश बदलला. परीराणीचे पंख काढून ठेवले. ते काम करणारी मुलगी साडी नेसून, काखेत खरेखुरे कोहळे घेऊन, प्रेक्षकांत बसलेल्या धर्मग्रामातल्या बायकांमधून उठून आली आणि “मी हिची धर्ममाता” असे म्हणत रंगमंचावर चढली. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावला, बाकीचे हसले. कोहळे जड होते, पायरीवर ते तिच्या हातून निसटलेही.

कार्यक्रम संपल्यावर उंदराची शेपटी गुंडाळता गुंडाळता माझ्या धर्मकन्येने विचारले, “लग्न झाल्यावर तिची धर्ममाता कुठे जाते?” घरी येऊन मी पुस्तक पुन्हा उघडले. वहाण पायात बसते त्या वेळी धर्ममाता पुन्हा येते, मुलीच्या कपड्यांना कांडी लावते. त्यानंतर पेरोने तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही. तसे मी तिला सांगितले. ती आता शनिवारी मुक्कामाला माझ्याकडे येते आणि सोदेवाबाईची गोष्ट आतापर्यंत तीन वेळा सांगून झाली आहे. तिला शेवट आवडतो, पण माळ चोरीला जाते तो भाग मी लवकर उरकावा असे तिचे म्हणणे आहे.